‘लामा’ कोणाला म्हणावं? आणि ‘दलाई’ हे नाव की पद?

प्रश्न: ‘धरमशालेत हजारो लामांची गर्दी’ असं बातमीत वाचलं. लामा म्हणजे तिबेटी भिक्षू, असंच ना? आणि ‘दलाई’ हे त्यांचं नाव, आडनाव की पद?

उत्तर: हजारो भिक्षू एका जागी सहज जमतील. लामा इतक्या संख्येने नसतात. तिबेटी लिपीत हा शब्द ‘ब्ल-म’ असा लिहितात आणि त्यातला ‘ब’ उच्चारत नाहीत. बौद्ध ग्रंथांचे अनुवाद करताना संस्कृत ‘गुरु’साठी हाच प्रतिशब्द वापरला गेला. साधनेची दीक्षा देण्याचा आणि ती शिकवण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, तो लामा. मठातल्या साध्या भिक्षूला ‘ट्रापा’ म्हणतात, श्रामणेराला, म्हणजे नवशिक्या भिक्षूला, ‘गेत्सुल’ आणि पूर्ण उपसंपदा, म्हणजे भिक्षूची अंतिम दीक्षा, झालेल्याला ‘गेलोंग’. ‘गेशे’ ही विद्वत्तेची पदवी आहे. तिबेटी बौद्धांतल्या गेलुग पंथाच्या मठांत पंधरा-वीस वर्षं प्रमाणशास्त्र (तर्क), माध्यमक (शून्यतेचं तत्त्वज्ञान), विनय (भिक्षूंचे नियम) असे विषय शिकून, वादविवादाच्या परीक्षा दिल्यावर ती मिळते. तेव्हा तांबडं चीवर दिसलं की ‘लामा’ लिहायचं, ही सवय सोडायला हवी. खात्री नसेल तर सरळ ‘भिक्षू’ लिहा, चुकणार नाही.

उलट बाजूही लक्षात ठेवायला हवी: लामा भिक्षू असलाच पाहिजे असं नाही. अकराव्या शतकातले मार्पा हे तिबेटी संतकवी मिलारेपांचे गुरू. ते पत्नी-मुलांसह राहणारे गृहस्थ होते. तिबेटी बौद्धांतल्याच साक्य परंपरेचं प्रमुखपद तर खोन घराण्यात वंशपरंपरेने चालत आलं आहे. शिवाय नेपाळ-दार्जिलिंगकडच्या तामांग समाजात ‘लामा’ हे आडनावही असतं, त्या माणसाला कोणी धर्मगुरू करून टाकू नये. ‘तुल्कु’ म्हणजे पूर्वीच्या एखाद्या गुरूचा पुनर्जन्म म्हणून ओळखली गेलेली व्यक्ती. हा संस्कृत ‘निर्माणकाय’चा, म्हणजे बुद्धाने जगात धारण केलेल्या देहरूपाचा, प्रतिशब्द आहे. ‘रिन्पोचे’ म्हणजे अमूल्य. आपल्याकडे ‘महाराज’ लागतं तसं ते आदराने नावामागे लागतं, आडनाव म्हणून नव्हे.

आता ‘दलाई’. हा शब्द तिबेटी नाही, मंगोल आहे. अर्थ ‘समुद्र’. तिबेटीत समुद्राला ‘ग्यात्सो’ म्हणतात. 1578 मध्ये कोकोनोर सरोवराच्या परिसरात तुमेद मंगोलांचा राजा अल्तान खान आणि गेलुग पंथाचे गुरू सोनम ग्यात्सो यांची भेट झाली. खानाने बौद्ध धर्म स्वीकारला, दोघांनी एकमेकांना पदव्या दिल्या आणि ‘दलाई लामा’ ही पदवी अशी जन्माला आली. सोनम ग्यात्सो मात्र तिसरे गणले जातात. आधीच्या गेंदुन द्रुब (1391–1474) आणि गेंदुन ग्यात्सो यांना ती मागाहून लावली गेली. म्हणून ‘पहिल्या दलाई लामांना ही पदवी मिळाली’ हे वाक्य चूक ठरतं. ‘दलाई’ नाव नाही आणि आडनावही नाही, तेव्हा ‘दलाई म्हणाले’ हेही टाळा. ‘दलाई लामा म्हणाले’, ‘दलाई लामांनी सांगितलं’ असं लिहावं. सध्याच्या, म्हणजे चौदाव्या दलाई लामांचं नाव तेन्झिन ग्यात्सो. तिबेटी माणूस बोलताना त्यांना बहुधा ‘ग्यालवा रिन्पोचे’ किंवा ‘कुंदुन’ म्हणतो.

पदवी धर्माची होती, सत्ता नंतर आली. 1642 मध्ये खोशुत मंगोलांच्या गुश्री खानाने विरोधकांचा पाडाव करून पाचव्या दलाई लामांच्या हाती तिबेट दिला आणि ‘गांदेन फोद्रांग’ हे शासन सुरू झालं. पोताला राजवाड्याचं बांधकाम 1645 मध्ये सुरू झालं ते याच काळात. म्हणजे सोळाव्या शतकातल्या दलाई लामांना ‘तिबेटचे राजे’ म्हणणं कालविपर्यास आहे. आजच्यांना निर्वासित सरकारचे प्रमुख म्हणणंही तसंच, कारण 2011 मध्ये त्यांनी राजकीय अधिकार निवडून आलेल्या नेत्याकडे सोपवले. त्या नेत्याचं पद ‘सिक्योंग’. आणि गेलुग पंथाचे औपचारिक प्रमुख दलाई लामा नव्हेत, ‘गांदेन त्रिपा’ असतात. दलाई लामांना दिली जाणारी ‘बौद्धांचे पोप’ ही उपमा या दोन्ही बाजूंनी फसते.

गेलुग पंथातलं दुसरं मोठं पद ‘पंचेन लामा’. त्यातल्या ‘पंचेन’मध्ये आपला ओळखीचा ‘पंडित’ दडला आहे: पंडित अधिक ‘छेन्पो’, म्हणजे महापंडित. त्यांचं पीठ शिगात्सेचा ताशील्हुन्पो मठ, म्हणून जुन्या लेखनात ‘ताशी लामा’ असं दिसतं. ते निराळे कोणी नव्हेत. अकराव्या पंचेन लामांबद्दल लिहिताना मात्र नुसतं पद पुरत नाही. मे 1995 मध्ये दलाई लामांनी गेंदुन छ्योकी न्यिमा या सहा वर्षांच्या मुलाला मान्यता दिली. काही दिवसांतच चिनी अधिकाऱ्यांनी त्याला ताब्यात घेतलं, आणि तेव्हापासून तो लोकांसमोर आलेला नाही. त्याच वर्षाअखेरीस चीनने दुसऱ्या मुलाला गादीवर बसवलं. त्यामुळे ‘पंचेन लामा’ लिहिताना मान्यता कोणाची, हे त्याच वाक्यात सांगा.