काउफमान आडनाव: ज्यू की जर्मन, आणि ‘नोंद नाही’ असं उत्तर आल्यावर

तुमच्या जावयाचं आडनाव काउफमान, त्यांचे पूर्वज जर्मनीच्या बाडेन प्रांतातल्या एका खेड्यातले, आणि तिथल्या नोंदणी कार्यालयाने ‘या नावाची नोंद आढळत नाही’ एवढंच कळवलंय, हे वाचून राहवलं नाही. माझ्या सासूबाईंचं माहेरचं आडनाव हेच, प्रांतही तोच, आणि उत्तरही जवळजवळ शब्दशः हेच आलं होतं.

आधी ज्यू की नाही ते. नुसत्या आडनावावरून कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. काउफमान म्हणजे व्यापारी, त्यामुळे जर्मनी, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रियातल्या ख्रिस्ती घरांतही ते भरपूर आढळतं. १७४१ साली जन्मलेली चित्रकार आँजेलिका काउफमान कॅथलिक होती. ज्यूंमध्ये मात्र याकोब नावाच्या माणसाला रोजच्या व्यवहारात काउफमान म्हणायची पद्धत होती. रब्बी (ज्यू धर्मगुरू) काउफमान कोहलर यांचं तर ते पहिलं नाव. आपल्या आकाशवाणीची ओळखधून ज्यांच्या नावावर आहे ते वॉल्टर काउफमान कार्ल्सबादच्या ज्यू घरातले.

आता त्या कार्यालयाबद्दल. बाडेनमध्ये सरकारी नोंदणी सुरू झाली १८७० मध्ये. त्याआधी, १८१० पासून, गावचे पाद्रीच ज्यूंच्याही जन्म-मृत्यूच्या नोंदी लिहीत. त्या वह्यांच्या दुसऱ्या प्रती राज्य अभिलेखागारात आहेत, उत्तर बाडेनच्या कार्ल्सरूहला आणि दक्षिणेच्या फ्रायबुर्गला. स्कॅन घरबसल्या फुकट बघता येतात. आमच्या पत्राला उत्तर देणाऱ्याला हे ठाऊक नसेल हे मला पटत नाही. तीन ओळी, गोल शिक्का आणि शुल्काची पावती. ‘जुन्या वह्या अमुक ठिकाणी आहेत’ ही एक ओळ लिहायला काय जात होतं? सासूबाईंनी ‘म्हणजे आपण तिथले नाहीच’ असं धरून विषय मिटवला, आणि नोंद सापडली तेव्हा त्या हयात नव्हत्या. माझा राग अजून गेलेला नाही.

सापडली ती त्यांच्या एका पूर्वजाची मृत्यूनोंद. जुन्या तिरक्या लिपीतला परिच्छेद, खाली पाद्र्याची सही, आणि वडिलांचं नाव म्हणून एकच शब्द: काउफमान. बाडेनने ज्यूंना कायमचं आडनाव घ्यायला लावलं १८०९ मध्ये, म्हणजे बापाचं नाव पुढे घराण्याचं झालेलं. म्हणून त्याआधीच्या कागदांत आडनाव शोधत बसू नका, पहिली नावं बघा. स्पेलिंगमध्ये एक एफ, दोन एफ, शेवटी एक एन, सगळं चालवून बघा.

मी यातली तज्ज्ञ नाही, आणि हे फक्त बाडेनपुरतं. प्रशिया या दुसऱ्या जर्मन राज्यात आडनावाचा कायदा १८१२ चा, तिथल्या वह्या वेगळ्या. आडनावाचं कुलचिन्ह म्हणून ढाल छापून विकणाऱ्यांना एक पैसाही देऊ नका.

आणि माझं मत विचाराल तर व्याह्यांशी आधी बोला. ऑक्टोबर १९४० मध्ये बाडेनच्या ज्यूंना फ्रान्समधल्या गुर्सच्या छावणीत धाडलं होतं. काही घरांत याबद्दल कुणी बोलत नाही. त्यांची हरकत नसेल तर अभिलेखागाराला गावाचं नाव, अंदाजे साल आणि धर्म, तिन्ही लिहून पाठवा.