गोरिलांचा एक तास आणि तुर्कानाचं वाळवंट: वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी निम्मी एकाच प्रवासाबद्दल आहेत. रवांडा किंवा युगांडात डोंगरी गोरिला पाहायचे आणि तिथून उत्तर केनियात जाऊन तुर्काना सरोवराच्या वाळवंटावरून छोट्या विमानाने किंवा हेलिकॉप्टरने फिरायचं. यात आयुष्यभराची बचत ओतणारे पुष्कळ असतात. एवढा पैसा घालून घाईघाईत परतलेली माणसं मी पाहिली आहेत आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. म्हणून काही उत्तरं लांबली आहेत.

आमची वयं ६३ आणि ५९. सौ.चे गुडघे दुखतात. गोरिला पाहण्याचा रवांडाचा परवाना १५०० डॉलरला आणि युगांडाचा ८०० डॉलरला मिळतो. मग जास्त पैसे देऊन रवांडाला का जावं? (एक दांपत्य, नाशिक)

गोरिला दोन्हीकडे तेच, डोंगरी जातीचे. फरक आहे तो रस्त्याचा आणि चढणीचा.

रवांडात किगालीला उतरलात की चांगल्या डांबरी रस्त्याने अडीच-तीन तासांत मुसान्झे गाव येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला किनिगीच्या उद्यान-कार्यालयात सगळे जमतात आणि कोणी कोणत्या गोरिला कुटुंबाकडे जायचं ते तिथेच ठरतं. त्या वेळी संकोच न करता गुडघ्यांचं सांगा. आपल्याकडच्या अनेकांना ते कमीपणाचं वाटतं, गप्प बसतात आणि चार तासांच्या चढणीच्या गटात जाऊन पडतात. वाटाडे तुमची चाल बघूनच गट लावतात, त्यांना खरं कळू द्या.

युगांडाच्या ब्विंडी अरण्याच्या इंग्रजी नावातच 'अभेद्य' असा शब्द आहे आणि तो खरा आहे. एंटेबेच्या विमानतळाहून मोटारीने आठ-दहा तास लागतात, नाहीतर छोट्या विमानाने किहिही किंवा किसोरोच्या धावपट्टीवर उतरावं लागतं. पायवाट असेलच असं नाही. वाटाड्या कोयत्याने झाडी तोडत पुढे जातो. पावसाळ्यात राजमाची किंवा हरिश्चंद्रगड केलेल्यांना त्या निसरड्या उताराची कल्पना येईल. शिवाय तिथला परवाना विभागाशी बांधलेला असतो: बुहोमा, रुहिजा, रुशागा किंवा नकुरिंगो. नकुरिंगोची उतरण गुडघ्यांची परीक्षा पाहते, त्या मानाने बुहोमा सोपं. म्हणजे युगांडात गुडघ्यांचा विचार परवाना काढतानाच करायला हवा, त्या दिवशी सकाळी नाही.

तुम्हा दोघांसाठी मी रवांडाच सांगेन. मात्र उंची विसरू नका. कळसूबाई १६४६ मीटर आहे. रवांडातली चढण अडीच हजार मीटरच्या आसपास सुरू होते, दम लवकर लागतो. प्रत्येकी एक पोर्टर घ्याच. तो पाठपिशवी वाहतो, चढणीला हात देतो आणि त्याच्या घरी त्या दिवसाची कमाई जाते. अगदीच जमेना तर डोलीची सोय होते. ब्विंडीत तिला 'हेलिकॉप्टर' म्हणतात. केदारनाथला डोलीत बसायला आपण लाजत नाही, इथेही लाजू नये.

ज्यांचे पाय धड आहेत पण खर्च सांभाळायचा आहे, त्यांच्यासाठी मधला मार्ग आहे: किगालीला उतरा, स्यानिकाची सीमा ओलांडून मोटारीने किसोरोला जा आणि रुशागाचा युगांडाचा परवाना काढा.

एका तासाचे सव्वा लाखाहून जास्त रुपये. यात खरंच तेवढं काही आहे, की नुसतं नाव मोठं? (एक वाचक, ठाणे)

प्रश्न रास्त आहे. पैसे कशाचे, ते आधी सांगतो.

एका कुटुंबाला दिवसातून एकदाच, जास्तीत जास्त आठ माणसं, फक्त एक तास भेटतात. संख्या वाढवली तर उत्पन्न वाढेल, पण गोरिलांना आपले आजार लागतात. आपला साधा सर्दी-खोकला त्यांच्या फुप्फुसांवर बेतू शकतो. रवांडात २००९ मध्ये माणसांतल्याच एका श्वसनविषाणूने गोरिला दगावले होते. म्हणून तोंडाला मास्क लावायचा आणि दहा मीटर अंतर राखायचं. सर्दी झालेल्याला परत पाठवतात आणि ते बरोबरच आहे.

गोरिलांच्या अभ्यासक डायन फॉसी यांनी १९६७ मध्ये रवांडाच्या बाजूला कारिसोके संशोधन केंद्र उभारलं. १९८१ च्या गणनेत रवांडा, युगांडा आणि काँगोच्या सीमेवरच्या विरुंगा डोंगररांगेत अवघे २५४ गोरिला उरले होते. २०१५-१६ मध्ये त्याच रांगेत ६०४ मोजले गेले, २०१८ मध्ये ब्विंडी भागात ४५९. दोन्ही मिळून १०६३. मोठ्या वानरांपैकी हे एक कुळ वाढतं आहे आणि त्याच्या मागे माग काढणारे, पशुवैद्य आणि पहारेकरी आहेत, रोजचे. हे गोरिला जगातल्या एकाही प्राणिसंग्रहालयात नाहीत. रवांडा उद्यानांच्या पर्यटन उत्पन्नातला दहा टक्के वाटा आसपासच्या गावांना देतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी. १९९१ मध्ये ब्विंडी राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा त्या रानात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले बाट्वा लोक बाहेर काढले गेले. बहुतेकांना जमीन मिळाली नाही. तिथे गेलात तर बाट्वा वाटाड्याबरोबर एक दुपार घालवा आणि पैसे थेट त्यांच्या हाती जातात ना, हे आधी विचारा.

आता तो तास. माग काढणारे पहाटेच आदल्या रात्रीच्या घरट्यांपाशी पोचलेले असतात, कारण गोरिला रोज रात्री पाल्याचं नवं घरटं करतात. तिथून माग घेत ते तुमच्या वाटाड्याला रेडिओवर कळवतात. काठ्या आणि पिशव्या मागे ठेवायच्या. मग झाडी बाजूला होते आणि पाठीवर रुपेरी केस आलेला नर, सिल्व्हरबॅक, शांतपणे पाला ओरबाडत बसलेला दिसतो. वाटाडा घसा खाकरल्यासारखा खोल आवाज काढतो. 'आम्ही भांडायला आलो नाही' असा त्याचा अर्थ. तोही तसाच आवाज देतो. पिल्लं आईच्या पोटावरून घसरतात, पुन्हा चढतात. आईचा हात, नखं, तळव्याच्या रेषा आपल्यासारख्याच. पहिल्या दहा मिनिटांत फोटो काढून घ्या आणि मग कॅमेरा ठेवून द्या. मी अनेकदा गेलो आहे आणि दर वेळी परतताना बराच वेळ कोणाशी बोलावंसं वाटत नाही. हा पैसा वसूल होतो, असं मी पूर्ण विचार करून सांगतो.

नऊ दिवसांची रजा आहे. आधी वाळवंट करावं की आधी गोरिला? (एक वाचक, डोंबिवली)

आधी गोरिला. परवान्याला तारीख असते. ती हुकली की गेली. वाळवंटातलं उड्डाण वाऱ्यावर आणि धुळीवर अवलंबून, ते एक दिवस पुढे गेलं तरी चालतं. हा क्रम उलटा केला आणि उत्तरेत वारा सुटला, तर सव्वा लाख पाण्यात. माझ्याबरोबरच्या एका कुटुंबाचं असंच झालं होतं. छोटं विमान दुपारपर्यंत उडालंच नाही, जोडउड्डाण चुकलं आणि परवान्याच्या सकाळी आम्ही नैरोबीत बसून होतो. ती योजना मी आखली होती. तेव्हापासून परवान्याच्या आधी दोन रात्री मोकळ्या ठेवल्याशिवाय मी कोणालाही पाठवत नाही.

नऊ दिवसांत दोन्ही बसतं, पण मसाईमारा तिसरं म्हणून कोंबू नका. खोलीचा दर्जा एक पायरी खाली आणा, पण दिवस कापू नका. सर्वांत महागड्या तंबूतही तुम्ही झोपणारच आहात.

हेलिकॉप्टरचा तास काही हजार डॉलरला पडतो. वाळवंटात वरून पाहायचं काय? आणि ते सुरक्षित आहे का? (एक वाचक, पुणे)

पहाटे मध्य केनियातल्या लाइकिपियाच्या पठारावरून उडालात की थोड्या वेळात जमीन पायाखालून निघून जाते. पठार सुमारे अठराशे मीटरवर, आणि समोर रिफ्ट व्हॅलीच्या, म्हणजे जमीन खचून झालेल्या लांबच लांब दरीच्या, तळाशी सुगुटा खोरं जेमतेम तीनशे मीटरवर. सिलाली ज्वालामुखीचं रुंद तोंड लागतं, मग गंधकी, विटकरी आणि राखाडी रंगांच्या कडा. खाली वाळूच्या टेकड्या. त्यांच्या टोकाला लोगिपी हे खारं, उथळ तळं, ज्याच्या काठाने फ्लेमिंगोंची गुलाबी किनार असते. मग एक काळी ज्वालामुखी भिंत आडवी येते, तिला 'बॅरियर' म्हणतात. ती ओलांडली की एकदम हिरवट पाणी दिसतं: तुर्काना. दक्षिण टोकाला नाबुयाटोमचा शंकू पाण्यातच उभा आहे. ही भिंत ओलांडण्याचे दोन-तीन क्षण मोटारीतून मिळत नाहीत, कारण सुगुटात रस्ताच नाही.

तुर्काना हे वाळवंटातलं जगातलं सर्वांत मोठं कायमस्वरूपी सरोवर, अडीचशे किलोमीटरहून लांब. त्यातून एकही नदी बाहेर पडत नाही; जवळजवळ नव्वद टक्के पाणी इथिओपियातल्या ओमो नदीचं येतं. ओमोवर गिबे-३ हे मोठं धरण झाल्यावर सरोवराच्या पाण्याची काळजी वाढली आणि २०१८ मध्ये युनेस्कोने तुर्कानाच्या जागतिक वारसास्थळाला धोक्यातल्या यादीत टाकलं. पश्चिम काठावर नारिओकोटोमे इथे १९८४ मध्ये जीवाश्म शोधणारे केनियाचे कामोया किमेऊ यांना कवटीचा एक तुकडा दिसला आणि त्यातून सुमारे पंधरा लाख वर्षांपूर्वीच्या आदिमानवाच्या मुलाचा जवळपास पूर्ण सांगाडा निघाला. एवढ्या गोष्टी ठाऊक असल्या की खालची जमीन नुसती ओसाड दिसत नाही. म्हणून उड्डाणाच्या आदल्या रात्री नकाशा उघडून बसा.

सुरक्षेचं म्हणाल तर तीन गोष्टी. उष्ण हवा विरळ असते आणि यंत्राला कमी उचल देते, म्हणून उड्डाण पहाटेच करतात आणि तुमचं वजन विचारतात, काट्यावरही उभं करतात. खरं वजन सांगा. दुसरं, सुगुटाच्या आसपास गुरं पळवण्यावरून रक्तपात होतो. २०१२ मध्ये बारागोईजवळ चाळीसहून अधिक पोलीस मारले गेले. वैमानिक कुठे उतरायचं ते स्थानिकांशी बोलून ठरवतो. 'इथे उतरू या' असा आग्रह त्याला कधीही करू नका, आणि आग्रहाला बळी पडणारा वैमानिक नको. तिसरं, विमानाने रुग्णालयात हलवण्याचा खर्च ज्यात आहे असाच विमा घ्या.

हेलिकॉप्टर झेपत नसेल तर छोट्या विमानाने लोइयांगलानीच्या धावपट्टीवर उतरून दोन रात्री राहणं पुष्कळ स्वस्त पडतं. सुगुटा सुटतं, पण सरोवर भरपूर मिळतं.

मुलगा तेरा वर्षांचा आहे, उंचीने सतरा वाटतो. चालेल? (एक आई, कोल्हापूर)

नाही. गोरिलांसाठी किमान वय १५ आणि पासपोर्ट पाहतात. दोन वर्षं थांबा. तोवर उत्तर केनियातल्या सांबुरूच्या अभयारण्यात न्या. तिथे जाळीदार जिराफ, ग्रेव्हीचा झेब्रा आणि मागच्या पायांवर उभं राहून पाला खाणारं गेरेनुक हरीण आहे.

आम्ही शाकाहारी. सोबत काय न्यावं? (एक गट, सांगली)

न्या, पण प्लास्टिकच्या पिशव्यांतून नाही. रवांडात २००८ पासून आणि केनियात २०१७ पासून त्यांच्यावर बंदी आहे. चिवडा, शेंगदाण्याची चटणी, भाकरवडी डब्यांत किंवा कापडी पिशव्यांत भरा. छोट्या विमानात माणशी, हातातली बॅग धरून, पंधरा किलोच सामान चालतं आणि तेही मऊ बॅगेत. कडक सूटकेस सामानाच्या कप्प्यात मावत नाही. म्हणजे डबे मोजकेच.

जेवणाची फार चिंता करू नका. पूर्व आफ्रिकेत चपाती घरोघरी चपातीच म्हणून खातात, घेवड्याची उसळ सगळीकडे मिळते आणि तिचं स्वाहिली नाव 'महारागे'. मोठ्या लॉजवर आठवडाभर आधी कळवलंत तर कांदा-लसणाशिवायही करून देतात. गोरिलांच्या दिवशी मात्र डबा पाठपिशवीत आणि खाणं गोरिलांपासून लांब. जाड हातमोजे, लांब बाह्या आणि पँट मोज्यात खोचलेली. तिथली काही झुडपं खाजकुयलीची आठवण करून देतात.

लस आणि व्हिसा? (बऱ्याच जणांचा प्रश्न)

पीतज्वराची (यलो फीव्हर) लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रावरच घ्या. प्रमाणपत्र हाताशी ठेवा, कारण केनिया किंवा युगांडाहून परतताना भारतातच ते मागतात आणि नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. ते आता आयुष्यभर चालतं. साठीच्या पुढच्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्यांनाच विचारा.

केनिया, युगांडा, रवांडा तिन्हींसाठी १०० डॉलरचा एकत्र पर्यटक व्हिसा आहे, नव्वद दिवसांचा. ज्या देशात आधी पाऊल ठेवणार, त्याच्याकडून काढायचा.

तुर्काना आणि सांबुरू लोकांचे फोटो काढायचे आहेत. पैसे द्यावेत का? (एक वाचक, न्यू जर्सी)

आधी बोला. स्वाहिलीतलं 'हबारी' आलं तरी चेहरा बदलतो. मग वाटाड्यामार्फत विचारा, आणि पैसे ठरत असतील तर गावाच्या वतीने जो घेतो त्याच्याकडे एकदाच द्या. मुलांच्या हातावर नोटा किंवा चॉकलेट ठेवू नका. पुढचं हेलिकॉप्टर दिसलं की ती शाळा सोडून धावतात. उतरताना घरांपासून आणि गुरांपासून दूर उतरायला वैमानिकाला सांगा. पात्यांच्या धुळीने शेळ्या उधळतात आणि त्या गोळा करायला एखाद्या पोराचा अख्खा दिवस जातो.

उत्तर केनियातल्या मॅथ्यूज डोंगरांच्या पायथ्याशी सांबुरूंच्या विहिरी आहेत. कोरड्या नदीपात्रात खोल खणतात, तरुण एकाच्या खाली एक असे उभे राहतात आणि बादल्या हातोहात वर देत गातात. तिथे कॅमेरा चालत नाही, मागूही नका. काठावर बसून ऐका. प्रत्येक घराण्याचं गाणं वेगळं असतं आणि गाई आपापलं गाणं ओळखून पाण्यावर येतात.