वडिलांचं इजेक्शन फ्रॅक्शन (हृदयाचा डावा खालचा कप्पा प्रत्येक ठोक्याला त्यातलं किती रक्त बाहेर ढकलतो, ते प्रमाण) ३५ टक्के आहे. टावीने (छाती न उघडता, रक्तवाहिनीतून नळीवाटे नवी झडप बसवण्याच्या पद्धतीने) महाधमनीची झडप बदलल्यावर ते सुधारेल का?

बऱ्याच रुग्णांत सुधारतं, आणि अनेकदा पहिल्या महिनाभरातच इकोमध्ये फरक दिसतो. झडप अरुंद असताना हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याला प्रत्येक ठोक्याला प्रचंड दाबाविरुद्ध रक्त ढकलावं लागतं. नवी झडप बसली की हा भार लगेच उतरतो. आकडा केवळ त्या भारामुळे खाली आला असेल, तर स्नायू सावरतो. मात्र आधी हार्ट अटॅक येऊन स्नायूत व्रण पडला असेल, तर तेवढा भाग झडप बदलून परत येत नाही. झडपेच्या कडेने बरीच गळती राहिली किंवा नव्याने लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक (हृदयाच्या डाव्या बाजूला जाणाऱ्या विद्युत संदेशात अडथळा) झाला, तरी सुधारणा अडू शकते. म्हणून जुने इको आणि अँजिओग्राफी डॉक्टरांना जरूर दाखवा.

नुसत्या आकड्याला घाबरून टावी टाळू मात्र नका. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पार्टनर चाचणीत, शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या रुग्णांपैकी वर्षभरात टावीच्या गटात ३०.७ टक्के, तर नेहमीच्या उपचारांच्या गटात ५०.७ टक्के दगावले होते.