खानापूरहून बव्हेरियाला येऊ पाहणाऱ्यास

तुम्ही मुख्यतः दोन गोष्टी विचारल्या आहेत. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात दोनदा बढती हुकली, मराठी माणसाला तिथे वाव उरलेला नाही असे तुम्हाला वाटते, तेव्हा जर्मनीतली म्युनिकजवळची नोकरी स्वीकारावी का, ही एक. आणि पहिलीत शिकणाऱ्या मुलीच्या शाळेचे काय होईल, ही दुसरी. ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी माणसाला मिळणारा राहण्याचा व कामाचा परवाना), पगाराची किमान मर्यादा आणि भाषेच्या परीक्षा यांची माहिती सरकारी संकेतस्थळांवर मिळते आणि पगाराचा आकडा दर वर्षी बदलतो, म्हणून त्यात मी शिरत नाही. मी टिळकवाडीत वाढलो, उद्यमबागेतच एका मशीन शॉपमध्ये काम शिकलो, आणि तुमचे पत्र वाचून मला सर्वांत आधी माझे वडील आठवले.

वडील सीमालढ्यात मनापासून होते. 1956 साली बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले ते अन्यायाने, हे त्यांचे मत माझेही आहे, आणि 2004 साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याचा निकाल लागावा, असे मलाही वाटते. परंतु घरात काहीही बिनसले, भावाची नोकरी हुकली, घरपट्टीचा कागद अडला, अगदी दुकानाची उधारी बुडाली, तरी ते सारे सीमाप्रश्नाच्या खात्यावर टाकण्याची आम्हाला सवय लागली होती. त्यातले काही त्या खात्याचे होतेही. उरलेल्याचे काय करायचे, हे मात्र कोणी कधी विचारले नाही, कारण विचारण्याची गरजच पडत नसे.

ही सवय विमानात बसली म्हणून सुटत नाही. माझ्या जन्मदाखल्यावर गावाचे इंग्रजी नाव ‘बेलगाम’ आहे. 1 नोव्हेंबर 2014 पासून ते अधिकृतपणे ‘बेळगावी’ झाल्यामुळे नव्या पासपोर्टवर तसे आले. येथील नोंदणी कार्यालयातील बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, पेन्सिलीने दोन्ही नावांखाली रेघ मारली आणि तुमचा जन्म नक्की कुठल्या गावी झाला, असे विचारले. आम्हाला न विचारता नाव बदलले, त्यातही त्यासाठी 1 नोव्हेंबर हा आम्ही पाळतो तो काळा दिवसच निवडला, हे सारे माझ्या ओठांवर आले होते. त्या बाईंना त्याच्याशी काय कर्तव्य? त्यांना नामांतराची सरकारी अधिसूचना आणि शपथबद्ध भाषांतरकाराने केलेले तिचे भाषांतर हवे होते. ते मिळवून देईपर्यंत पुढची सगळी कामे खोळंबली. तुमच्या कागदांवर खानापूरच्या पुढे जिल्ह्याचे नाव दोन तऱ्हांनी आले असेल, तर अधिसूचनेची प्रत निघतानाच बरोबर घ्या. दहावीच्या मार्कशीटवर नुसती आद्याक्षरे आणि पासपोर्टवर पूर्ण नाव असेल, तर तेही तिथेच निस्तरून या.

एकटेपणाबद्दल विचारले आहे. तो असतो, रविवारी जास्त असतो, आणि बेळगावचा कुंदा फ्रीजमध्ये कितीही ठेवला तरी त्यावर उपाय होत नाही. पुढे जातो.

शाळेचे मात्र सविस्तर सांगितले पाहिजे, कारण ते मला अजून पचलेले नाही. बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, मुलाची पुढची वाट चौथीत ठरते. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांच्या श्रेणींची सरासरी 2.33 किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियम, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा, 2.66 पर्यंत असेल तर रेआलशूल, म्हणजे दहावीपर्यंतची मधली शाळा. येथे 1 ही सर्वोत्तम श्रेणी आणि 6 सर्वांत वाईट, हे माझ्या आईला फोनवर समजावणे वेगळेच. नातवाला गणितात दोन मिळाले म्हणताच तिने देवापुढे दिवा लावला. आमचा मुलगा दुसरीत असताना इथे आला. चौथीच्या मे महिन्यात बाईंनी आमच्यासमोर आकडे मांडले: गणित 2, परिसर 3, जर्मन 3, भागिले तीन, म्हणजे 2.66. तो बोलतो छान, पण लिहिताना नामांची लिंगे चुकतात, असे त्यांनी सांगितले. भाषेवरून आपल्याला डावलले, हे वाक्य माझ्या मनात तयारच होते आणि ते खोटेही नव्हते. दोन वर्षांपूर्वी ज्याला या भाषेतला एक शब्द येत नव्हता, त्याला इतरांच्याच मापाने मोजले होते.

सरासरी थोडी हुकलेल्या मुलांसाठी त्याच महिन्यात जर्मन आणि गणिताची तीन दिवसांची चाचणी असते. तेवढ्या मोजक्या संध्याकाळी शिक्षण खात्याला तक्रार लिहायची की मुलाला शुद्धलेखन घालायचे, असा प्रश्न होता. आम्ही शुद्धलेखन घातले. चाचणीत तो नापास झाला. गणितात 4, जर्मनमध्ये 5.

त्या रात्री आम्ही दोघांनी ठरवले की ‘आपल्याला डावलले’ हे त्याच्या कानावर पडू द्यायचे नाही, कारण पडले असते तर पुढची प्रत्येक चुकलेली बेरीज त्याने त्याच खात्यावर टाकली असती, आणि तो हिशेब किती वर्षे चालतो हे मी घरातच पाहिले आहे. आता तो रेआलशूलच्या सहावीत रमला आहे, तिथल्या सुतारकामावर खूश आहे. दहावीनंतर फाखओबरशूल, म्हणजे व्यवसायाकडे झुकलेली पुढची शाळा, तिच्यामार्गे उच्च शिक्षणाची वाट मोकळी आहे. राग मात्र मला अजून येतो. शेजाऱ्याचा मुलगा गिम्नाझियमचे दप्तर घेऊन निघाला की मी मनातल्या मनात आठाऐवजी सातला तीनने भागतो. येणारा राग थोपवणे मला जमलेले नाही. तो जेवणाच्या टेबलावर न आणणे बऱ्यापैकी जमते.

तेव्हा बढती हुकण्यात भाषेचा वाटा किती होता, हे मी इथून ठरवू शकत नाही, आणि कदाचित तुमचेच बरोबर असेल. पण केवळ त्या रागाने निघणार असाल तर इथेही पहिल्याच वर्षी त्याला नवे गिऱ्हाईक मिळेल, मग ती कचेरीतली बाई असेल किंवा मुलीची शिक्षिका. काम आवडते आहे म्हणून निघणार असाल, तर जरूर या.

मुलीसाठी म्हणाल, तर करारावर सही करण्याआधी राज्य पाहा. नॉर्थ राइन-वेस्टफालियात शाळेची शिफारस पालकांवर बंधनकारक नसते. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये प्राथमिक शाळाच सहावीपर्यंत चालते, त्यामुळे बाहेरून आलेल्या मुलांना भाषेसाठी दोन वर्षे जास्त मिळतात. पगार थोडा कमी पडला तरी मी तिकडची नोकरी घ्या म्हणेन. आमच्या सौ.ना हे पटत नाही. त्यांच्या मते तुम्ही म्युनिकलाच यावे, फक्त तिसरी सुरू होण्याआधी यावे, आणि मुलीला रोज दहा ओळींचे जर्मन शुद्धलेखन खानापुरातच सुरू करावे.