संधिवाताची औषधं आणि विम्याचा फॉर्म : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी धाकटी बहीण न्यू जर्सीत असते. मार्चमध्ये तिला ६५ पूर्ण होतील. तिला ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे. आठवड्याला मेथोट्रेक्सेट आणि पंधरवड्याला ॲडालिमुमॅबचं इंजेक्शन चालू आहे. मेडिकेअरच्या (तिथला ६५ नंतरचा सरकारी आरोग्य विमा) जोडीला सप्लिमेंट विमा घ्यायचाय. ओळखीतलं कुणीतरी म्हणालं, 'या औषधांवर पॉलिसी मिळत नाही, दोन महिने इंजेक्शन बंद ठेव आणि मग अर्ज कर.' हे बरोबर आहे का? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : बहिणीला आधी फोन करून सांगा, इंजेक्शन चालूच ठेव. तिच्या बाबतीत प्रश्न औषधांचा नाही, तारखेचा आहे. वय ६५ आणि मेडिकेअरचा पार्ट बी (डॉक्टर आणि दवाखान्यातल्या उपचारांचा भाग) सुरू, हे दोन्ही ज्या महिन्यात जुळतं, त्या महिन्याच्या १ तारखेपासून सहा महिने सप्लिमेंट विमा (तिकडे त्याला मेडिगॅप म्हणतात) देणारी कंपनी तब्येतीवरून नकार देऊ शकत नाही, आजारापायी हप्ताही वाढवू शकत नाही. पार्ट बी १ मार्चला सुरू झाला तर ही मुदत ३१ ऑगस्टला संपते. फार तर जुन्या आजारासाठी सहा महिन्यांपर्यंत वेटिंग पिरियड (त्या आजाराचे पैसे न मिळण्याचा काळ) लावता येतो. पण त्याआधी सलग सहा महिने ग्राह्य आरोग्य विमा असेल, तर तोही लागत नाही. नोकरीतल्या विम्याचं तसं पत्र कंपनीकडून आत्ताच मागून ठेवायला सांगा.

ही मुदत उलटली की तीच औषधं आडवी येतात. अर्जात आजारांची आणि औषधांची हो-नाहीची यादी असते, आणि बऱ्याच कंपन्या मागची दोन वर्षं विचारतात. शिवाय अर्जावर सही केली की औषध खरेदीची नोंद तपासायला संमती दिल्यासारखंच होतं. दोन महिने इंजेक्शन थांबवून ती नोंद पुसली जात नाही, सांधे मात्र पुन्हा सुजतात. ॲडालिमुमॅबसारखं बायोलॉजिक इंजेक्शन दिसलं की बहुतेक कंपन्या सरळ नाही म्हणतात. झिजेच्या संधिवातावर आयबुप्रोफेन किंवा सेलेकॉक्सिब घेणाऱ्याला सहसा अडचण येत नाही, मात्र डॉक्टरांनी सांधेबदल सुचवलेला असून तो व्हायचा बाकी असेल तर तिथेही नकार येतो. न्यूयॉर्क आणि कनेक्टिकट राज्यांत वर्षभर कधीही तब्येत न विचारता मेडिगॅप द्यावा लागतो. न्यू जर्सीत तशी सोय नाही.

बहीण अजून नोकरीत असेल आणि कंपनीत २० किंवा जास्त कर्मचारी असतील, तर पार्ट बी पुढे ढकलता येतो, आणि सहा महिनेही तेव्हापासूनच मोजले जातात. पार्ट बी उगाच लवकर घेतला तर ही मुदत नोकरीतच वाया जाते. मेडिकेअर ॲडव्हान्टेजच्या (मूळ मेडिकेअरऐवजी खाजगी कंपनीमार्फत मिळणारा विमा) 'शून्य हप्ता' जाहिरातींपासूनही जरा जपून. ६५ व्या वर्षी प्रथमच तिकडे गेलेल्याला १२ महिन्यांच्या आत मूळ मेडिकेअरवर परत येऊन बिनतपासणी मेडिगॅप घेता येतो. त्यानंतर तीच प्रश्नावली समोर येते.

एक गैरसमज मात्र काढून टाका. घरी टोचायच्या ॲडालिमुमॅबचे पैसे मेडिगॅप देत नाही, ते पार्ट डीमधून, म्हणजे मेडिकेअरच्या औषधांच्या भागातून, येतात. पार्ट डीला तब्येतीची अट नाही, पण वेळेत घेतला नाही आणि दुसरं ग्राह्य औषध कव्हरही नसलं, तर उशिराच्या दर महिन्यामागे १ टक्का दंड हप्त्यात कायमचा चिकटतो. २०२५ पासून पार्ट डीच्या औषधांवर वर्षाला खिशातून जाणाऱ्या रकमेला मर्यादा आली, त्या वर्षी ती २,००० डॉलर होती. दवाखान्यात सलाइनमधून देतात ते इन्फ्लिक्सिमॅब पार्ट बीमध्ये बसतं. त्याचे उरलेले २० टक्के भरायला मेडिगॅप खरा उपयोगी. आणि ती मुंबईला येत-जात असेल तर मेडिगॅपचा प्लॅन जी किंवा एन पाहावा : प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांत उद्भवलेल्या तातडीच्या उपचाराचे, २५० डॉलर वजा करून, ८० टक्के मिळतात. आयुष्यभरासाठी मर्यादा ५०,००० डॉलर.

प्रश्न : वय ५८. चार वर्षं मेथोट्रेक्सेट १० मि.ग्रॅ. आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेते. इथे आरोग्य विमा घ्यायचाय. एजंट म्हणतो, 'औषधांचं फॉर्मात लिहू नका मॅडम, पाच वर्षांनी कंपनी काही विचारू शकत नाही.' – एक वाचक, दादर

उत्तर : एजंटने नियमाचा अर्धाच भाग सांगितला. पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिल्यावर कंपनीला लपवाछपवीवरून क्लेम नाकारता येत नाही हे खरं, पण फसवणूक सिद्ध झाली तर ते संरक्षण राहत नाही. आणि ती पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत क्लेम आला तर? खरं लिहिलंत तर एप्रिल २०२४ पासून आधीच्या आजाराचा वेटिंग पिरियड जास्तीत जास्त ३६ महिने. म्हणजे लपवून पाच वर्षं धाकधुकीत काढण्यापेक्षा सांगून तीन वर्षं थांबणं स्वस्त. कंपनी हप्त्यावर लोडिंग (जादा रक्कम) लावेल, काही कंपन्या नकारही देतील. मग दुसरी पाहायची.

फॉर्म स्वतः भरा, एजंटच्या हाती देऊ नका. मेथोट्रेक्सेटपुढे 'आठवड्यातून एकदा' असंच लिहा. सवयीने 'रोज एक' लिहिलं जातं, आणि रोज १० मि.ग्रॅ. म्हणजे फाइल तपासणाऱ्या डॉक्टरला एकतर विषबाधा दिसते नाहीतर खोटेपणा. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आपल्याकडे मधुमेहासाठीही देतात, म्हणून एचबीए१सीचा (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा) रिपोर्ट जोडा, नाहीतर शंका येऊन फाइल अडते. ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडून लेटरहेडवर पत्र घ्या : निदान, निदानाचं वर्ष, औषध आणि मात्रा, स्टिरॉइड चालू आहे का, सांध्यांना वाकडेपणा आहे का. सोबत रक्ताचे अलीकडचे रिपोर्ट : सीबीसी, एसजीपीटी (यकृताची तपासणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची), सीआरपी (सुजेची). मेथोट्रेक्सेटने एसजीपीटी वाढलेलं असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, तपासणीच्या तोंडावर गोळी स्वतःहून सोडू नका.

सगळ्यात जास्त क्लेम अडतात ते डिस्चार्ज कार्डावर. भरतीच्या वेळी ड्यूटीवरच्या डॉक्टरला आपण सहज म्हणतो, 'झाली असतील दहाएक वर्षं', आणि तो 'दहा वर्षांपासून' लिहून टाकतो. फॉर्मात चार आणि कार्डावर दहा, की टीपीएला (कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेला) नकाराचं कारण मिळालं. घरी निघण्याआधी ती ओळ वाचा, चूक असेल तर डॉक्टरांच्या सहीशिक्क्याने तिथेच दुरुस्त करून घ्या. एवढं करूनही क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार. तिथे दाद लागली नाही तर सांताक्रूझ पश्चिमेच्या जीवन सेवा ॲनेक्समध्ये विमा लोकपालांचं कार्यालय आहे. वकील लागत नाही, फी नाही. कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत अर्ज करा.

आणखी एक : गोळ्यांचा महिन्याचा खर्च साध्या पॉलिसीत मिळत नाही. बायोलॉजिक इंजेक्शन डे-केअरमध्ये घेतलं तर काही पॉलिसींत बसतं, पण त्याला वेगळी मर्यादा असू शकते. पॉलिसीत 'मोनोक्लोनल अँटिबॉडी' हा शब्द शोधा, बरीच बायोलॉजिक इंजेक्शनं त्याच प्रकारची असतात.

प्रश्न : आई ७२ वर्षांची. गुडघे झिजलेत, फक्त वेदनाशामक घेते. पॉलिसी मिळेल? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : मिळेल, पण सांधेबदलाला पॉलिसीप्रमाणे दोन-तीन वर्षं थांबावं लागेल, अपघात वगळता. आधी तिचं आयुष्मान वय वंदना कार्ड (सरकारच्या मोफत उपचार योजनेचं) काढा : ७० च्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न न पाहता, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, आणि जुन्या आजाराला वेटिंग नाही. आधार कार्ड पुरतं. गुडघा बदलायचा ठरला तर भरती व्हायच्या आधी योजनेतल्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला (योजनेची माहिती देणाऱ्या मदतनीसाला) भेटून नेमकी कुठली शस्त्रक्रिया बसते ते विचारा. घरच्या गोळ्या मात्र यातही नाहीत.