दारातली जुनी ८०० : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या वेळी जुन्या मारुती ८०० बद्दल चार ओळी काय लिहिल्या, प्रश्नांचा ढीगच आला. बहुतेकांची कथा एकच. वडिलांची गाडी, खळ्यात नाहीतर बखळीत उभी, विकायला जीव होत नाही आणि गॅरेजवाल्याचा आकडा ऐकून घाम फुटतो, म्हणून घरीच करायचीय. करा ना, जमतं. फक्त एक सांगतो, निम्मे प्रश्न अलॉय, सायलेन्सर आणि रंगाचे होते, ब्रेकचा एकही नव्हता. म्हणून ब्रेकचं मी न विचारताच मध्ये घुसवणारे.

एरंडोल : १९९६ ची ८००, सहा वर्षं निंबाखाली उभी. आधी इंजिन खोलू की बॉडी?

इंजिनला अजून हात लावू नका भाऊ. आधी एक जुना स्क्रू-ड्रायव्हर घ्या, गाडी चारी बाजूंनी घोडीवर, म्हणजे जॅक स्टँडवर, चढवा (विटांवर नाही, वीट फुटते आणि मग माणूस फुटतो) आणि खाली झोपून पत्रा टोचत सुटा. फ्लोअर, दरवाज्याखालची पट्टी, बॅटरीच्या खालचा ट्रे, मागच्या शॉकॉपच्या माउंटिंगभोवती, पुढच्या काचेच्या रबराखाली. जिथं टणटण वाजतंय तिथं ठीक. जिथं भसकन आत गेला तिथं खडूनं गोल करा. गोल मोजा आणि मगच पुढचा हिशोब. शॉकॉप माउंटिंग आणि पुढचं सस्पेन्शन जिथं बॉडीला धरतं तिथं जर चाळणी झाली असेल तर माझं ऐका, दुसरी सरळ बॉडी असलेली, कागद क्लिअर असलेली गाडी शोधा आणि ही पार्टसाठी ठेवा. इंजिन कधीही होतं, सडलेला सांगाडा होत नाही.

आपल्याकडे एक गंमत आहे. समुद्र नाही, दमट हवा नाही, मग गंज कसा? तर काळी माती. पावसाळ्यात शेताच्या रस्त्यानं गेलेली गाडी, ती चिकण माती मडगार्डच्या आतल्या कडेला जाऊन बसते, वरून वाळलेली दिसते पण आत दिवाळीपर्यंत ओल धरून ठेवते. त्यात कपाशीचा कचरा आणि निंबाचा पाला दरवाज्याच्या खालच्या भोकांत जाऊन बसला की काचेवरचं पाणी दरवाज्यातच साचतं. दरवाजा बाहेरून नवा नि खालची कड पापडासारखी. म्हणून पहिलं काम, तारेनं सगळी भोकं मोकळी करायची आणि मडगार्डच्या आत हात घालून माती खरवडायची. माझ्या एका गाडीतून अर्धी पाटी निघाली होती, खोटं नाही सांगत.

सडलेल्या जागी लांबी (पुट्टी) भरून रंग मारू नका. मी स्वतः हे पाप केलेलं आहे, आधी माझ्याच गाडीवर, मस्त चकचकीत केली, दुसऱ्या पावसाळ्यात मागच्या चाकाच्या वर फुगा आला, बोटानं दाबलं तर बोट आत. गंज कापूनच काढायचा, चांगला पत्रा लागेपर्यंत, आणि तिथं २० किंवा २२ गेजचा तुकडा सीओटू वेल्डिंगनं बसवायचा. गॅस वेल्डिंगनं एवढा पातळ पत्रा लाटेसारखा वाकतो, मग ती लाट लपवायला परत लांबी. वेल्डिंग घरी जमत नसेल तर तेवढ्यापुरता माणूस बोलवा, पण तो यायच्या आधी बॅटरीची वायर काढा, आतला गालिचा काढा आणि पेट्रोलची टाकी खाली उतरवा. टाकी रिकामी आहे म्हणून राहू देऊ असं म्हणू नका, रिकाम्या टाकीतली वाफच जास्त वाईट.

हे झालं की इंजिन. सेल मारायच्या आधी तिन्ही प्लग काढून भोकात चमचा चमचा ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या, सकाळी क्रँक पुलीला पाना लावून हातानं फिरवा. फिरली तर नशीब. जुनं पेट्रोल फेकून द्या, सहा वर्षांचं पेट्रोल म्हणजे वार्निश. आणि ब्रेक, आलोच मी ब्रेकवर, चारी चाकांचं खोला. मागचे व्हील सिलिंडर हमखास जाम असणार, मास्टर सिलिंडरचं रबर किट, होसपाइप आणि ऑइल सगळं नवीन. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, चांगल्या चालत्या गाडीतसुद्धा दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, तुमचं तर आता ऑइल राहिलेलंच नाही. पार्टची काळजी करू नका, १९८३ च्या डिसेंबरपासून २०१४ च्या जानेवारीपर्यंत ही गाडी बनत होती, देशात २५ लाखांच्या वर विकली गेली, तालुक्याच्या दुकानातसुद्धा किट मिळतं.

शहादा : वडिलांच्या ८०० मधून निळा धूर येतो. मिस्त्री म्हणतात पूर्ण इंजिन करावं लागेल. खरंच लागेल का?

ताई, धूर कधी येतो ते आधी बघा. सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर भसकन एकदा आणि मग बंद, तर व्हॉल्व सील गेलेत, ते हेड काढून होतं, रिबोर (सिलिंडरचं भोक कापून मोठं करणं) लागत नाही. उतारावर ॲक्सिलेटर सोडला आणि परत दाबल्यावर धूर, तरी बरेचदा सीलच. चढावर, जोर दिल्यावर सतत धूर आणि ऑइल टाकायचं तोंड उघडलं की तिथून फकफक वारा येतो, तर मग रिंग-पिस्टन.

अंदाज नको असेल तर कॉम्प्रेशन गेज लावायला सांगा. इंजिन गरम करून, तिन्ही प्लग काढून, ॲक्सिलेटर पूर्ण दाबून, एकेका सिलिंडरला चार-पाच फेरे सेल मारायचा आणि आकडा लिहायचा. तिन्ही आकडे जवळजवळ पाहिजेत, एखादा किलोभर दाबाहून (गेजवरचा किलो) जास्त खाली असेल तर तिथं गडबड. मग त्याच भोकात चमचाभर ऑइल टाकून परत मोजायचं. आकडा चढला तर रिंग, कारण ऑइलनं फट भरली. तसाच राहिला तर व्हॉल्व नाहीतर हेड गॅस्केट. पंधरा मिनिटांचं काम. हे न करता जो मिस्त्री धूर बघून इंजिन उतरवायला निघतो त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

आणि समजा रिंगच निघाली, तर रिबोर लागतंच असंही नाही. या इंजिनचा बोअर मुळात ६८.५ मिमी, घासून किती झालाय ते लेथवाल्याकडून वर, मध्ये, खाली असा मोजून घ्या, झीज थोडी असेल तर होनिंग (भोक आतून हलकं घासून घेणं) करून नवीन रिंगा. झीज जास्त असेल तरच पाव किंवा अर्धा मिमी मोठा पिस्टन आणून रिबोर. पिस्टन आधी आणायचा, तो मोजायचा आणि मग बोअर कापायचा. उलटं करतात लोक.

भुसावळ : मे महिन्यात गाडी तापते. थर्मोस्टॅट काढून टाकला, तरी तापतेच.

तापणारच. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारा व्हॉल्व, चोर नव्हताच ना भो, चोर रेडिएटरमध्ये बसलाय. खरं सांगा, पाणी कुठलं टाकलंत? बोअरचं. मग आंघोळीच्या बंबात जे पांढरं जमतं तेच रेडिएटरच्या नळ्यांत आणि इंजिनच्या जॅकेटमध्ये जमलेलं आहे. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५-४६, म्हणजे रेडिएटरला गार करायला मिळणारी हवाच तापलेली, त्यात अर्ध्या नळ्या बंद, काय होणार दुसरं.

तपासायची सोपी रीत. गाडी गरम होऊ द्या, बंद करा, फॅनचा कनेक्टर काढा (तो काढल्याशिवाय हात घालायचा नाही, इलेक्ट्रिक फॅन आहे, बंद गाडीतही फिरतो) आणि तळहात जाळीच्या जवळून वरून खाली, डावीकडून उजवीकडे फिरवा. जिथं गार लागतं तिथं पाणी पोचतच नाहीये. मोठा पट्टा गार असेल तर रेडिएटर उतरवून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून साफ करणं) करून घ्या, पितळी असेल तर. ॲल्युमिनियमचा असेल तर नवीनच टाका, त्याचं रॉडिंग म्हणजे पैसे पाण्यात.

मग थर्मोस्टॅट परत बसवा. तो नसला की डिसेंबर-जानेवारीत इंजिन तापतच नाही, चोक ओढून ओढून पेट्रोल जळतं आणि कच्चं पेट्रोल सिलिंडरवरचं ऑइल धुतं, रिंगा लवकर जातात. रेडिएटरचं झाकणही नवीन घ्या, शे-दोनशेची वस्तू आहे पण खेळ तिचाच आहे. झाकण दाब धरतं म्हणून पाणी १०० ला न उकळता १२० च्या आसपास उकळतं, स्प्रिंग ढिली झाली की तोच दाब सुटतो आणि पाणी उकळून बाहेर. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं टाका. आणि गरम असताना झाकण उघडू नका, तोंड भाजलेले दोघं मी डोळ्यांनी बघितलेत.

एवढं करूनही तापली तर ऑइलच्या झाकणाच्या आत बघा. ताकावरच्या लोण्यासारखं पांढरट काही दिसलं तर पाणी ऑइलमध्ये जातंय, हेड गॅस्केट. तेव्हा हेड नुसतं गॅस्केट बदलून परत टाकू नका, तापलेलं हेड वाकतं, फेसिंग करूनच, म्हणजे घासून सपाट करूनच बसवा.

दोंडाईचा : १३ इंची अलॉय, गाडी खाली बसवायची, मोठा सायलेन्सर आणि जमलं तर एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवालं) इंजिन. किती खर्च येईल?

खर्चाचं नंतर, आधी कायद्याचं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीत लिहिलंय त्याच्याशी न जुळणारा बदल करायचा नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या बाहेर जाता येत नाही. दंड दर बदलाला ५ हजार आणि सोबत कैदेचीही तरतूद. इंजिन बदलायचं तर आरटीओची आधी परवानगी आणि आरसीवर नोंद. रंग बदलला तरी नोंद. पोलीस सोडा, ॲक्सिडेंट झाला तर विमा कंपनी पहिलं हेच बघते.

आता तुमची यादी. मूळ टायर १४५/७० आर १२, त्याचा व्यास साधारण ५०८ मिमी. १३ इंचीला १५५/६५ टाकला तर ५३२ होतो, म्हणजे पावणेपाच टक्के मोठा, काट्यावर ६० दिसेल तेव्हा तुम्ही ६३ ला असाल. तेही चालेल एकवेळ, पण ३७ हॉर्सपॉवरच्या इंजिनला जड चाक म्हणजे बैलाच्या गळ्यात ओंडका, पिकअप तिथंच जातो. वर गाडी खाली बसवलीत की वळताना टायर मडगार्डला घासणार. आणि स्प्रिंग कापून गाडी बसवणार असाल तर हात जोडतो. कापलेली स्प्रिंग जागेवर नीट बसत नाही, शॉकॉप ठोकून ठोकून संपतो, आणि आपल्याकडचे गावोगावचे ते हातानं बनवलेले स्पीड ब्रेकर, पहिल्याच पोळ्याला ऑइल चेंबर फुटून येईल.

एमपीएफआयचं म्हणाल तर नुसतं इंजिन येत नाही, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), अख्खं वायरिंग, सेन्सर, टाकीतला पंप, रिटर्न लाइन, सगळी वरात येते. ज्यांनी अर्धवट केलंय त्यांच्या गाड्या टोचन लावून घरी आल्या. त्याच पैशात कार्बोरेटर नीट सेट करा, व्हॉल्व क्लिअरन्स, टायमिंग, क्लच, चारी शॉकॉप आणि बुश नवीन टाका. असली ठणठणीत ८०० चालवलीच नसेल तुम्ही कधी, म्हणून इंजिन बदलावंसं वाटतंय.

जळगाव : इथेनॉलच्या पेट्रोलनं जुन्या कार्बोरेटरचं काय होतं?

दोन गोष्टी. एक, जुनी रबरं. फ्युएल पाइप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरमधले ओ-रिंग हे तेव्हाच्या पेट्रोलसाठी बनलेले, २० टक्के इथेनॉलमध्ये ते फुगतात नाहीतर कडक होऊन चिरतात. गाडीत पेट्रोलचा वास यायला लागला तर त्याच दिवशी बघा, पाइप एक्झॉस्टपासून फार लांब नसतो. सगळे पाइप एकदाच नवीन टाका, दुकानात इथेनॉलला चालणारा पाइप असं स्पष्ट सांगून.

दुसरं, इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो म्हणून तोच जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) आता मिश्रण पातळ करतो. गाडी झटके देते, चढावर दम तोडते, जास्त तापते. प्लग काढून बघा, टोक पांढरं पडलं असेल तर पातळ चाललीय, बिस्किटाच्या रंगाचं असेल तर बरोबर. ॲव्हरेज सहा-सात टक्के घटणारच, इथेनॉलमध्ये लिटरमागे ताकदच पेट्रोलच्या दोन तृतीयांश, त्याला कुणी मिस्त्री काही करू शकत नाही. आणि हे पेट्रोल पाणी ओढतं, तेव्हा महिनोन् महिने उभी राहणारी गाडी असेल तर टाकीत रिकामी जागा कमी ठेवा.

पाचोरा : लाइट फार मंद. १००/९० वॉटचे बल्ब टाकू?

मी टाकले होते. रात्री धुळ्याकडून येताना लळिंगच्या अलीकडे जळका वास आला, उतरून बघतो तर होल्डर वितळून बल्बला चिकटलेला. साधा ६०/५५ चा बल्ब ५ अँपिअर घेतो, १०० चा सव्वाआठ, आणि तो सगळा करंट तीस वर्षांच्या वायरीतून आणि स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून. बल्ब तोच ठेवा, दोन रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) बसवा, बॅटरीवरून फ्यूज लावून सरळ जाड वायर घ्या आणि अर्थ नवीन करा. होल्डरवर मीटर लावून आधी आणि नंतर व्होल्ट मोजा, फरक तिथंच दिसेल. रिफ्लेक्टर काळा पडला असेल तर मात्र रिलेही काही करणार नाही, हेडलाइटच बदला.

अमळनेर : गाडीची आरसी संपलीय. आधी गाडी करू की आधी पासिंग?

आधी गाडी, पण आरटीओत आजच चौकशी करून ठेवा, कारण उशिराचा दंड दर महिन्याला चढतो. खाजगी गाडीची आरसी १५ वर्षांची, मग पाच-पाच वर्षांनी रिन्यू, फॉर्म २५. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या कारची फी ५ हजार झाली आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनं २० वर्षांवरच्या कारला १० हजार. वरून पर्यावरण कर, पीयूसी, विमा, आणि एप्रिल २०१९ आधीची गाडी म्हणून एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर) प्लेट. हा सगळा खर्च कामाच्या बजेटमध्ये पहिल्या ओळीत लिहा, लोक रंगावर उधळतात आणि आरटीओच्या दारात खिसे चाचपतात.

आणि पेंटरला गाडी द्यायच्या आधी चेसिस नंबर शोधा, तारेच्या ब्रशनं साफ करा, मोबाइलवर फोटो काढा आणि त्यावर ग्रीस लावून टेप चिकटवा. तिथं लांबी नको, रंगाचा जाड थरही नको, हे पेंटरला दोनदा सांगा. इन्स्पेक्टर पहिला तोच नंबर बघतो. आमच्या ओळखीच्या एकाची गाडी नवरीसारखी सजून पासिंगला गेली आणि दुपारभर उन्हात उभी राहून, पॉलिश पेपरनं त्याच नव्या रंगाला घासत, नंबर बाहेर काढावा लागला.