‘तुम्ही खऱ्या बाई आहात का?’

प्रश्न : आदरणीय बाई, मी डी.एल.एड. या प्राथमिक शिक्षक-पदविकेच्या दुसऱ्या वर्षाची छात्राध्यापिका असून आंतरवासितेसाठी, म्हणजे शाळेतील प्रत्यक्ष सरावासाठी, मला एका गावातील द्विशिक्षकी शाळा मिळाली आहे. तेथे तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसतात. पहिल्याच दिवशी परिपाठ संपल्यावर एका मुलीने मला विचारले, ‘तुम्ही खऱ्या बाई आहात का?’ मी हसून वेळ मारून नेली. गेल्या आठवड्यात तिसरीवर माझा गणिताचा निरीक्षणपाठ होता. दोन रात्री जागून पाठाचे टाचण लिहिले होते, तक्ते रंगवले होते; तरीही पस्तीस मिनिटांचा पाठ सतरा मिनिटांत संपला. उरलेला वेळ भरण्यासाठी मी संख्या सांगून पाटीवर लिहायला लावल्या. ‘बहात्तर’ म्हटल्यावर निम्म्या वर्गाने २७ लिहिले आणि ‘एकोणतीस’ म्हटल्यावर कित्येकांनी ३९. मी गोंधळले, फळ्यावर बरोबर उत्तरे लिहिली आणि ती दहा-दहा वेळा लिहायला सांगितली. तेवढ्यात मागे बसलेले मार्गदर्शक शिक्षक उठून आले, त्यांनी एका मुलाच्या पाठीत धपाटा घातला आणि ‘यांना असेच समजते’ असे मला सांगितले. वर्ग एकदम शांत झाला. माझे गुण त्यांच्याच हातात आहेत. मी काय करायला हवे होते?
— एक छात्राध्यापिका, नाशिक जिल्हा

उत्तर : तुमच्या पत्रात धपाट्याचे दुःख मोठे आहे आणि ते योग्यच आहे, परंतु मी सुरुवात करते ती २७ आणि ३९ पासून, कारण त्या पाट्यांमध्ये तुमच्या उरलेल्या अठरा मिनिटांचा पाठ तयार होता आणि तो तुम्ही फळा पुसावा तसा पुसून टाकलात.

२७ लिहिणाऱ्या मुलांनी जसे ऐकले तसे लिहिले. मराठीत अकरापासून पुढच्या बहुतेक संख्यानामांत एककाचा उच्चार आधी होतो आणि दशकाचा नंतर. ‘बहात्तर’मध्ये दोन आधी ऐकू येतात, सत्तर मागाहून येतात. लिहिताना मात्र डावीकडे दशक आधी मांडायचे असते. कानडीतले ‘इप्पत्तोंदु’ किंवा तेलुगूतले ‘इरवै ओकटि’ म्हणजे सरळ वीस आणि एक, त्यामुळे त्या मुलांपुढे हा पेच येत नाही. जर्मन मुलांपुढे मात्र तो आपल्यासारखाच येतो. ३९ ची गोष्ट याहून गमतीची आहे. ‘एकोण’ म्हणजे एकाने ऊन, एक कमी. पण हे मुलाला कोणी सांगितलेले नसते. त्याने एकोणीसवरून एवढे ताडलेले असते की ‘एकोण’ आले म्हणजे शेवटी ९ येतो, आणि ‘तीस’ तर त्याला स्पष्ट ऐकू आलेले असते, म्हणून ३ आणि ९. उत्तर चुकले, परंतु ते विचार करून चुकले आहे. (एकोणनव्वदपर्यंत नियम शिकलेल्या मुलाला पुढे नव्याण्णव भेटतो, ही तर भाषेची निव्वळ लहर आहे.)

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशा वाचनाचा पर्याय आला, तेव्हा त्यावर किती विनोद झाले ते तुम्हाला आठवत असेल. त्या वेळी गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी मुलांची नेमकी हीच अडचण पुढे ठेवली होती. माझे मत विचाराल तर, बाजारात आणि घरात ‘एकवीस’च चालणार असल्यामुळे ते शिकवलेच पाहिजे; पण काही महिने दोन्ही नावे शेजारी-शेजारी म्हणायला हरकत कसली होती, हे मला आजही कळलेले नाही.

आता वर्गात काय करायचे? दहा-दहा काड्यांचे गठ्ठे चौथीच्या मुलांकडून बांधून घ्या; त्यांनाही काम मिळेल आणि तिसरीचा पाठ चालू असताना त्यांचे काय करायचे हा प्रश्नही थोडा हलका होईल. ज्याने २७ लिहिले त्याला ‘चूक’ असे न म्हणता त्याच्या पाटीवरच्या संख्येएवढ्या काड्या मांडायला सांगा, शेजारी दुसऱ्याला सात गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मांडू द्या, आणि मग विचारा की बहात्तर रुपये देणे असलेल्या माणसाने यातले कोणते दिले तर चालेल. हसतील, भांडतील, पण बघतील. त्यानंतरच ‘कानाला आधी काय ऐकू आले आणि हाताने आधी काय लिहायचे’ हा प्रश्न विचारायचा. एकोणतिसासाठी मणिमाळेवर तिसाव्या मण्यावर बोट ठेवून एक मणी मागे यायचे, मग एकोणचाळीस, मग एकोणपन्नास. दहा वेळा लिहिण्याने हे होत नाही, कारण मूल पहिली ओळ पाहून उरलेल्या नऊ ओळी उतरवते आणि तेवढ्या वेळात ‘बहात्तर’ हा शब्द त्याच्या कानावर एकदाही पडत नाही.

पाठ सतरा मिनिटांत का संपला, याचेही उत्तर येथेच आहे. जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टच्या अनुयायांनी रूढ केलेल्या पंचपदीवरून, म्हणजे पाठाच्या पाच पायऱ्यांवरून, आलेला टाचणाचा साचा आपल्या अध्यापक विद्यालयांत अजून चालतो आणि त्यात ‘विद्यार्थी कृती’ या रकान्यात आपण सगळेच ‘विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतील’ असे लिहितो. असल्या शेकडो टाचणांवर मी स्वतः सही केली आहे, त्यामुळे दोष एकट्या तुमचा नाही. पुढच्या टाचणात प्रत्येक प्रश्नापुढे मुले कोणते चुकीचे उत्तर देतील आणि ते का देतील, एवढेच पेन्सिलीने लिहून ठेवा. तुमचा अंदाज निम्म्या वेळा चुकेल, तरी पस्तीस मिनिटे अपुरी पडतील.

धपाट्याविषयी संदिग्ध बोलता येत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास या दोहोंना मनाई केली आहे आणि असे करणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. त्या क्षणी मुलांसमोर मार्गदर्शक शिक्षकांशी वाद न घालणे समजण्यासारखे होते. पण त्या मुलाजवळ जाऊन त्याची पाटी हातात घेता आली असती, आणि ते आजही करता येईल. मार्गदर्शकांना एकांतात भेटा आणि ‘माझ्या पाठात मुले चुकली तर ती माझ्याकडे राहू द्या, मला त्यातून शिकायचे आहे’ असे सांगा. छात्राध्यापिकेच्या तोंडी ही विनंती शोभते आणि बहुतेक शिक्षक ती मानतात. मार पुन्हा दिसला, तर मात्र मुख्याध्यापकांना आणि तुमच्या विद्यालयातून पाठ पाहायला येणाऱ्या प्राध्यापकांना तारीख घालून लेखी कळवा. गुणांची भीती खरी आहे, हे मान्य करूनही मी हे सांगते आहे; म्हणूनच त्या प्राध्यापकांना आधी विश्वासात घ्या, म्हणजे तुम्ही एकट्या पडणार नाही.

राहिली ती मुलगी. तिने उद्धटपणा केलेला नाही. छात्राध्यापक येतात आणि नावे पाठ होईपर्यंत निघून जातात, एवढे तिने पाहिले असावे. तिला खरे सांगा की तुम्ही बाई होण्यासाठी शिकत आहात आणि अमुक तारखेपर्यंत येथे आहात. तारीख फळ्याच्या कोपऱ्यात लिहा.

प्रश्न : मी पहिलीच्या वर्गावर छात्राध्यापक आहे. एका मुलाने ‘माले पेन्सिल जोयजे’ असे म्हटल्यावर मी सर्वांसमोर ‘माले नाही, मला म्हण’ असे त्याला सुधारले. तेव्हापासून आठ दिवस तो माझ्याशी एक शब्दही बोललेला नाही. प्रमाण मराठी शिकवायचीच नाही का?
— एक छात्राध्यापक, धुळे जिल्हा

उत्तर : शिकवायची आहे, परंतु हे सुधारणे नव्हे. त्या मुलाचे वाक्य अहिराणीत पूर्णपणे शुद्ध होते. माले, तुले ही रूपे तो नियमाने वापरतो आणि तो नियम त्याने घरी विनाटाचण शिकला आहे. मुलाच्या मातृभाषेतून शक्य तेथवर शिकवावे, असे शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ ही म्हणते. फळ्यावर ‘घरी’ आणि ‘पुस्तकात’ असे दोन भाग करा, ‘घरी’खाली मुलांनी सांगितलेले शब्द लिहा आणि त्यांचे पुस्तकातले जोडीदार सगळ्यांनी मिळून शोधा. तुम्हाला स्वतःला अहिराणी येत नसेल, तर त्या मुलालाच विचारा. सरांना न येणारी एखादी गोष्ट आपल्याला येते हे कळल्यावर पहिलीचे मूल फार वेळ गप्प राहत नाही.

त्याला पेन्सिल मिळाली की नाही, हे तुम्ही लिहिलेले नाही. मिळाली नसेल, तर उद्या आधी ती द्या.